जंतू नसलेला मूत्राशयदाह : ओळख, उपचार आणि आपली जबाबदारी



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्च, ताळेबंद आणि शस्त्रक्रियांची संख्या यांकडे प्रथम लक्ष जाते आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मादाय रुग्णालयाचे काही काम आकड्यांत सहजासहजी दिसत नाही. ज्या आजारात रुग्ण दगावत नाही, खाटेवर फार दिवस राहत नाही, मात्र ज्याच्यामुळे वर्षानुवर्षे सुखाची झोप मिळत नाही, अशा एका आजाराविषयी आरोग्यशिक्षणाच्या या पानांवर लिहिण्याचे योजिले आहे. त्याचे वैद्यकीय नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. अलीकडे त्यास मूत्राशय-वेदना विकार असेही म्हणतात. साध्या मराठीत सांगावयाचे तर, कोणताही जंतू सापडत नसताना मूत्राशयास येणारा चिवट दाह.

आम्ही स्वतः वैद्यकीय पदवीधर नव्हे. वाणिज्य शाखेतून आलो आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनात रमलो. येथे मांडलेली माहिती वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजावून घेतलेली आहे आणि ती डॉक्टरांच्या प्रत्यक्ष सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच नमूद करतो.

हा विषय कशासाठी?

मुळशी तालुक्याचा विस्तार सुज्ञ वाचकांस परिचित आहेच. एका टोकास हिंजवडीच्या संगणक कंपन्या, मध्ये पिरंगुटचे कारखाने, पुढे पौड आणि कोळवण खोरे, आणि पश्चिमेस धरणाच्या पाण्याभोवतीच्या वाड्या व ताम्हिणीचा घाट. या सर्व ठिकाणच्या स्त्रियांत एक गोष्ट मात्र समान आढळते. लघवी रोखून धरण्याची सवय! भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असलेल्या मजूर भगिनीस आडोसा मिळत नाही. कारखान्यातील कामगार भगिनीस पाळीत वारंवार उठता येत नाही. नोकरदार मुलीचे तास वाहतुकीच्या कोंडीत जातात. लघवी रोखल्यानेच हा आजार होतो असे मुळीच नाही. परंतु ज्या भगिनीस तो जडला आहे, तिची अवस्था अशा परिस्थितीत किती बिकट होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा आजार ओळखण्यास फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज आरंभी लागत नाही. गरज असते ती रुग्णाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची, योग्य क्रमाने तपासणी करण्याची आणि धीर धरण्याची. नेमक्या याच तीन गोष्टी घाईच्या बाह्यरुग्ण विभागात दुर्मीळ होतात, आणि त्यामुळे रुग्णाचा पैसा व आयुष्याची उमेदीची वर्षे वाया जातात.

मूत्राशयाचे कार्य व बिघाड

मूत्रपिंडांत तयार होणारी लघवी मूत्राशयात साठते. ही स्नायूंची लवचीक पिशवी प्रौढ माणसात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी सामावून घेते. पिशवी भरू लागली की मज्जातंतूंमार्फत मेंदूस सूचना जाते. सोयीची जागा मिळेपर्यंत मेंदू ती सूचना काही काळ बाजूस ठेवू शकतो. निरोगी माणूस दिवसभरात साधारण सहा ते आठ वेळा लघवीस जातो.

लघवीतील क्षार व आम्ल तीव्र असतात. त्यांचा त्रास पिशवीच्या भिंतीस होऊ नये म्हणून निसर्गाने आतून एक पातळ संरक्षक थर दिला आहे. घराच्या भिंतीस गिलावा असावा तसा. हा थर ठिकठिकाणी विरला तर क्षार भिंतीत झिरपतात, तेथील मज्जातंतू चाळवले जातात आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशी गोळा होतात, असे एक प्रमुख स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता आणि ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे आखडणे हीदेखील कारणे मानली जातात. सर्व रुग्णांत एकच कारण नसते. म्हणूनच सर्वांना एकच औषध लागू पडत नाही.

थोडा इतिहास

‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे नाव अमेरिकेतील डॉ. अलेक्झांडर स्कीन यांच्या १८८७ मधील लेखनापासून रूढ झाले. पुढे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. गाय हनर यांनी स्त्रियांच्या मूत्राशयात आढळलेल्या एका विरळ प्रकारच्या व्रणाचे वर्णन १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. तो व्रण आजही ‘हनरचा व्रण’ म्हणून ओळखला जातो. परंतु असा व्रण थोड्याच रुग्णांत आढळतो. बहुसंख्य रुग्णांत मूत्राशयाचे अस्तर दुर्बिणीतून जवळपास सामान्य दिसते, आणि येथेच घोटाळा झाला. व्रण दिसत नाही, जंतू सापडत नाही, मग दुखणे मानसिकच असले पाहिजे, असा समज वैद्यकविश्वातही कित्येक दशके टिकून राहिला.

हा समज बदलण्यास रुग्णांचा पुढाकार कारणीभूत ठरला. अमेरिकेतील व्हिकी रॅटनर या वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच या आजाराने त्रस्त झाल्या आणि त्यांनी १९८४ मध्ये रुग्णांसाठी एक संघटना उभी केली. पुढे तेथील शासकीय संशोधन संस्थेने या आजाराचे निकष ठरविण्याचे काम हाती घेतले. आपल्या देशातही मूत्ररोगतज्ज्ञांनी ‘ग्लोबल इंटरस्टिशियल सिस्टायटिस ब्लॅडर पेन सोसायटी’ या नावाने एकत्र येऊन या विषयाचा अभ्यास व प्रसार चालविला आहे. दुखणे खरे आहे, हे आता वादातीत आहे.

लक्षणे

आमच्याकडे येणाऱ्या अशा भगिनींची कहाणी पुष्कळदा एकसारखी असते. ओटीपोटात जडपणा व ठणका, पिशवी भरत जाईल तशी वेदना वाढणे, लघवी झाल्यावर थोडा वेळ बरे वाटणे आणि पुन्हा तेच. दिवसातून वीस-वीस वेळा जावे लागते. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. प्रत्येक वेळी लघवी मात्र थोडीच होते. मासिक पाळीच्या आधी त्रास वाढतो. पतिपत्नीच्या संबंधांत वेदना होतात आणि ही गोष्ट ती कोणापाशी बोलत नाही. लांबचे लग्न, देवदर्शन, एस.टी.चा प्रवास हळूहळू बंद होतो.

प्रत्येक खेपेस ‘लघवीचे इन्फेक्शन’ म्हणून प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा दुखते, पुन्हा कोर्स. घरातील मंडळी प्रथम काळजी करतात, नंतर कंटाळतात. ‘सारखी कुठं जाते ही?’ आणि ‘मनाचे खेळ आहेत सगळे’ ही वाक्ये ऐकून घेण्याचे दुःख ओटीपोटातील दुखण्याहून कमी नसते.

पुरुषांनाही हा आजार होतो. त्यांच्यात तो पुष्कळदा प्रोस्टेट ग्रंथीची सूज समजला जातो. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मात्र बरेच अधिक आहे.

आधी काय वगळावे?

या आजाराचे निदान एका चाचणीने होत नाही. सारखी लक्षणे असलेले इतर आजार एकेक करून वगळावे लागतात. हा क्रम का पाळावयाचा, हे रुग्णांच्या कुटुंबीयांनी समजून घेतल्यास तपासण्यांविषयीचा गैरसमज दूर होईल.

पहिला, साधा जंतुसंसर्ग. त्यासाठी लघवीचे कल्चर करावे लागते. नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधल्या धारेतून, निर्जंतुक बाटलीत घ्यावा आणि शक्यतो दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. ते शक्य नसेल तर तो शीतकपाटात ठेवावा लागतो. वाडीवर भरलेली बाटली दुपारच्या गाडीने पिशवीतून आली, तर वाटेत वाढलेले जंतू अहवालात उमटतात आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतो. म्हणून शक्य तेथे नमुना रुग्णालयातच द्यावा, असा आमचा आग्रह असतो.

दुसरा, आणि आपल्या देशात विसरता न येणारा, मूत्रमार्गाचा क्षयरोग. लघवीत पू-पेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाही, ही त्याची एक खूण. सायंकाळी बारीक ताप, वजन घटणे, पूर्वी घरात कोणास क्षय झालेला असणे, याही खुणा. याकरिता पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने ओळीने किमान तीन दिवस तपासतात. जनुकीय तपासणी, ज्यास आपण ‘सीबीनॅट’ या नावाने ओळखतो, तीही उपयोगी पडते. येथे एक धोका आवर्जून सांगावयास हवा. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके लघवीच्या तक्रारीवर सर्रास घेतली जातात. त्यांचा क्षयाच्या जंतूवरही काही परिणाम होतो. त्यामुळे आजार बरा न होता केवळ दबतो आणि निदान लांबते. दरम्यान मूत्राशय आतून आकसत जाते. फार उशीर झाला तर क्षय बरा होऊनही आकसलेली पिशवी पूर्ववत होत नाही आणि आतड्याचा तुकडा जोडून ती मोठी करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. वेळीच निदान झाल्यास साधारणतः सहा महिन्यांच्या औषधांनी हा रोग बरा होतो, आणि ती औषधे शासनाच्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

हा क्रम आणखी एका कारणाने पाळावा लागतो. मूत्राशयदाहावरील काही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दडपतात. दडलेला क्षय तपासल्यावाचून ती दिली, तर क्षय उसळू शकतो.

तिसरा, कर्करोग. लघवीतून वेदनारहित रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. प्रारंभीच्या एका प्रकारात केवळ जळजळ व वारंवार लघवी एवढीच लक्षणे असतात. वय चाळिशीच्या पुढे असेल, धूम्रपानाची सवय असेल किंवा एकदाही रक्त दिसले असेल, तर दुर्बीण तपासणी टाळू नये.

याखेरीज मूत्राशयातील खडा, स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा एंडोमेट्रिओसिस हा विकार, मधुमेह, तसेच किरणोपचारानंतर अथवा काही औषधांमुळे येणारा दाह यांचाही विचार करावा लागतो.

विरळ कारणेही डोळसपणे पाहिल्यास सापडतात, याचे एक उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. शिस्टोसोमा नावाच्या कृमीमुळे मूत्राशयाचा दाह होऊन लघवीतून रक्त जाते. हा रोग मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतला. भारतात तो स्थानिक नाही असेच मानले जात असे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे स्थानिक केंद्र असल्याचे डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे तेथील गोड्या पाण्यातील गोगलगायीशी असलेला त्याचा संबंधही दाखविला. ‘हा रोग आपल्याकडे नसतोच’ या वाक्यावर विसंबून राहिले असते तर ते केंद्र उजेडात आले नसते. पुस्तकातील नकारापेक्षा समोरच्या रुग्णाची तपासणी मोठी, हा त्यातील धडा आहे.

मूत्राची रोजकीर्द

हिशेबनीस म्हणून आम्हांस या आजाराच्या निदानातील एक साधन विशेष भावते. ते म्हणजे लघवीची नोंदवही. व्यापाऱ्याची रोजकीर्द असते, तशीच ही. सलग तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता लघवी झाली, मोजपात्रात किती मिलिलिटर भरली, त्यावेळी दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती होते, आणि मधल्या वेळात काय खाल्ले-प्यायले, एवढेच लिहावयाचे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी मुलांनी लिहावे. मोजपात्र म्हणून खुणा केलेला प्लॅस्टिकचा पेलाही चालतो.

या साध्या नोंदीतून पुष्कळ कळते. प्रत्येक वेळी भरपूर लघवी होत असेल, तर मधुमेह अथवा जास्त पाणी पिण्याकडे लक्ष जाते. दिवसा वारंवार परंतु रात्री मुळीच नाही, असे असेल तर विचार वेगळा होतो. दिवसरात्र थोडी-थोडी आणि पिशवी भरताना वेदना, असे असेल तर आपल्या विषयाकडे वळावे लागते. तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची नोंद केली की उपचारांचा लाभ झाला किंवा नाही, हे दोन्ही पाने शेजारी ठेवून कोणासही दिसते. ७० मिलिलिटरची नोंद १५० वर गेली, तर ती रुग्णाच्या खात्यातील खरी जमा होय.

उपचार

हा आजार मुळापासून घालविणारे एकच औषध नाही. तथापि योग्य उपचारांनी बहुतेक रुग्णांचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि त्यांना कामावर, प्रवासास व रात्रीच्या झोपेकडे परतता येते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये उपचारांच्या पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. २०२२ च्या सुधारित सूचनांत मात्र ठरावीक पायऱ्यांऐवजी रुग्णाची अवस्था पाहून उपचार निवडावेत, असे सुचविले आहे. साधे व निर्धोक उपाय सर्वांनाच करावयाचे असतात.

आहार : चहा, कॉफी, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, मिरची, शीतपेये व मद्य यांनी पुष्कळांचा त्रास वाढतो. आपल्या स्वयंपाकघरातील चिंच, आमसूल, ठेचा आणि तर्री यांकडेही लक्ष ठेवावे. परंतु सर्व पदार्थ सर्वांना बाधत नाहीत. म्हणून काही आठवडे हे पदार्थ बंद ठेवून मग तीन-चार दिवसांच्या अंतराने एकेक सुरू करावा. जो बाधेल तोच वगळावा. भात, मुगाचे वरण, दूध, तूप, भाकरी, दुधी-पडवळासारख्या भाज्या साधारणतः सोसतात. भीतीपोटी सर्वच सोडून अंग वाळवू नये. पाणीही तोडू नये. पाणी कमी प्यायल्यास लघवी तीव्र होऊन जळजळ वाढते. दिवसभर थोडे-थोडे पाणी प्यावे.

सवय : वेदना आटोक्यात आल्यावर दोन खेपांमधील अंतर दहा-पंधरा मिनिटांनी, आठवड्याच्या अंतराने वाढवीत न्यावे. ऐन दुखण्यात जबरदस्तीने रोखू नये. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी अथवा कोमट पाण्यात बसणे यानेही आराम पडतो.

भौतिकोपचार : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असल्यास ते सैल करण्याचे उपचार प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञांकडून घ्यावेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८१ स्त्रियांपैकी एका गटास हे विशेष उपचार व दुसऱ्यास साधे मालीश देण्यात आले. पहिल्या गटातील ५९ टक्के, तर दुसऱ्यातील २६ टक्के स्त्रियांना लाभ झाला. येथे एक सावधगिरी हवी. लघवी निसटण्याच्या तक्रारीवर सांगितले जाणारे स्नायू आवळण्याचे व्यायाम या रुग्णांनी करू नयेत. त्यांनी दुखणे वाढते.

पोटातील औषधे : अमिट्रिप्टिलिन हे औषध अल्प मात्रेत, साधारणतः १० मिलिग्रॅमपासून, रात्री सुरू करतात व हळूहळू वाढवितात. मूळचे ते नैराश्यावरील औषध असल्याने चिठ्ठीवर त्याचे नाव वाचून नातेवाईक दचकतात. येथे ते मज्जातंतूंची वेदना शमविण्यासाठी दिलेले असते, वेडावरचे म्हणून नव्हे. तोंडास कोरड, बद्धकोष्ठ व सुस्ती येऊ शकते. हृदयविकार वा काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. पेंटोसान पॉलिसल्फेट या औषधास अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा गुण येण्यास तीन ते सहा महिने लागू शकतात. परंतु दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्यावर दुष्परिणाम झाल्याचे २०१८ पासून समोर आले आहे. म्हणून हे औषध चालू असताना नेत्रतपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना न विचारता जुन्या चिठ्ठीवर ते घेत राहू नये.

मूत्राशयात सोडावयाची औषधे : बारीक नळीने डायमिथाइल सल्फॉक्साइड, अथवा हेपारिन व भूल देणारे लिग्नोकेन यांचे मिश्रण मूत्राशयात सोडतात. साधारणतः आठवड्यास एकदा, असे सहा वेळा. पहिल्या औषधानंतर श्वासास काही काळ लसणासारखा वास येतो. त्याने घाबरून जाऊ नये. यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही.

दुर्बीण व शस्त्रक्रिया : भूल देऊन मूत्राशय कमी दाबाखाली पाण्याने फुगविल्यास अस्तराची पाहणी होते आणि काही रुग्णांना काही महिने आरामही पडतो. हनरचा व्रण आढळल्यास तो विद्युतप्रवाहाने जाळणे अथवा त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे, याने पुष्कळदा लक्षणीय गुण येतो. व्रण पुन्हा उद्भवू शकतो व उपचार पुन्हा करता येतात. इतर उपायांनी भागले नाही, तर बोटुलिनम किंवा सायक्लोस्पोरिन यांचा विचार तज्ज्ञ करतात. मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया अगदी क्वचित आणि सर्व उपाय थकल्यावरच.

टाळावयाच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. जंतू सिद्ध झालेला नसताना महिनोन्‌महिने प्रतिजैविके घेणे आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणे यांचा लाभ नाही, अपाय मात्र आहे. रक्तमिश्रित लघवी, थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण अडणे किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात यावे. गर्भवती भगिनींनी कोणतेही जुने औषध स्वतःहून चालू ठेवू नये.

कुटुंबीयांचे कर्तव्य

औषधाइतकाच गुण घरातील वागणुकीचा येतो. रात्री उठणाऱ्या सूनबाईंच्या खोलीजवळ शौचालय व दिवा असावा. प्रवासात दर तासा-दीड तासाने थांबण्याची सोय पाहावी. पतीने संबंधांतील वेदनेचा अर्थ दुरावा असा लावू नये. दुखणे महिन्यामहिन्याने कमीजास्त होते. बरे दिवस आले म्हणून ‘आता नाटक संपले’ असे म्हणू नये आणि वाईट दिवस आले म्हणून उपचार सोडू नयेत. नोंदवहीचे पान भरण्यास मदत करणे ही अगदी लहान सेवा आहे, परंतु आपल्यावर कोणी विश्वास ठेवतो, ही जाणीव रुग्णास त्यातूनच होते.

संस्था आणि देणगीदार

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु मूत्राशयदाहाचा रुग्ण खाटांच्या हिशेबात फारसा दिसत नाही. तो बाह्यरुग्ण विभागाचा रुग्ण. त्याचा खर्च एका मोठ्या देयकात येत नाही. तो सहा खेपांच्या एस.टी. भाड्यात, बुडालेल्या सहा दिवसांच्या मजुरीत आणि न संपणाऱ्या औषधांत विखुरलेला असतो. चौथ्या खेपेस रुग्ण आला नाही, तर ‘बरा झाला असेल’ असे समजणे सोपे असते. पुष्कळदा तो पैशांअभावी थांबलेला असतो.

म्हणून या कार्यासाठी लागणाऱ्या गोष्टी दिखाऊ नाहीत. मूत्राशयात औषध सोडण्यासाठी पडदा असलेली स्वतंत्र जागा, तिला लागून स्वच्छ शौचालय, नमुन्यांसाठी शीतकपाट, महिला भौतिकोपचार तज्ज्ञांचा आठवड्यातील एक दिवस, छापील नोंदवह्या व मोजपात्रे, आणि लांबच्या वाडीवरून येणाऱ्या रुग्णास प्रवासखर्च. यांवर देणगीदाराच्या नावाची मोठी पाटी लावता येणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि ताळेबंद मांडताना आम्हांस सदैव असे वाटते की, ज्या रुपयाने अनावश्यक प्रतिजैविकांचा दहावा कोर्स टळतो आणि दडलेला क्षय वेळीच सापडतो, तो रुपया सर्वांत उत्तम कामी आला.

ग्रामपंचायती, बचतगट व कारखान्यांचे व्यवस्थापक यांनाही एक विनंती आहे. बाजाराच्या गावी, एस.टी. थांब्यांवर व कामाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छ, दार लागणारी, पाणी असलेली शौचालये उभारावीत व ती उघडी ठेवावीत. कुलूप लावलेले शौचालय कागदावर मालमत्ता असते, रुग्णाच्या लेखी मात्र ते नसल्यातच जमा.

आपल्या घरात, शेजारी वा कामाच्या जागी कोणी भगिनी अथवा बंधू असा त्रास मुकाट्याने सोसत असेल, तर त्यांच्यापर्यंत ही पाने पोहोचवावीत. येताना जुन्या चिठ्ठ्या, कल्चरचे अहवाल आणि शक्य तर तीन दिवसांची नोंद सोबत आणण्यास सांगावे. उपचारांची सुरुवात तेथूनच होईल.